बेचाळीस चिंचोके

१ जून, रविवार
आजपासून डायरी. मोठे गेम रायटर लिहितात म्हणे. ते इंटरनेटवर टाकतात, मी वहीत. वही गोदामातली आहे, पण मागून कोरी आहे.
पर्सनल अपडेट: नाव दुर्गेश. वय चोवीस. शिक्षण नववी (निकाल लागायच्या आधीच सोडली, म्हणून नापास म्हणता येत नाही). गाव तिरोड्याकडचं. सध्या हैदराबादच्या बाहेर एका गोदामात खोके स्कॅन करून राहिलो. तात्पुरतं. तीन वर्षं झाली.
मोबाइलवर एका गेम कंपनीची कॉन्टेस्ट आहे. गेमची स्टोरी पाठवायची. शेवटची तारीख १० ऑगस्ट, निकाल २३ ऑगस्ट. जिंकला त्याला रायटरची नोकरी. बसून करायची. खुर्ची त्यांची.
संकल्प: रोज एक पान. शिवाय महिन्याला दहा सिनेमे. टाइमपास म्हणून नाही, अभ्यास म्हणून.
रूममेट ओमेश मुर्रीचा आहे, आमच्याच जिल्ह्यातला. म्हणाला, "तू अना अभ्यास? मंग आज गारा पडतेत." पडल्या नाहीत. म्हणजे त्याला काही समजत नाही.

५ जून
रोज एक पान: अजून नाही. आधी डोक्यात पूर्ण व्हायला पाहिजे.
झोंबीची आयडिया पाठवली होती. कंपनीच्या पीयूष सरांचा व्हॉइस मेसेज आला: "भाई, झोंबी तो सब भेज रहे हैं. अपने गाँव का कुछ लिखो." मला भाई म्हणाले. ओमेशला सहा वेळा ऐकवला. सातव्यांदा तो आंघोळीला गेला.
गावाचं काय लिहू? गावात आहे काय? एक तलाव आणि आमचे बाबा, देवचंद. बाबा पाणकर आहेत. तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कधी सोडायचं ते पाहतात. सव्वीस वर्षं झाली. गाव धान देते, पगार नाही.
अर्धा तास विचार केला आणि गेमचं नाव सापडलं: 'पाणकर'. अर्धं काम झालं.

८ जून, रविवार
बाबांना फोन लावला. आमचा फोन ठरलेला असतो. जेवला का. हो. तिकडे पाणी आला का. नाही. ठेवू? ठेव. पन्नास सेकंद. कधी बावन्न.
आज मी विचारलं, तुडूम कसं उघडता? (पीयूष सरांसाठी अर्थ: तुडूम म्हणजे तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, बसवलेलं दगडी दार, त्याला एकाखाली एक भोकं, भोकांत लाकडी खुंट्या.) बाबा म्हणाले, "तब्येत बरी हाय ना बाबू?"
म्हटलं, बरी आहे, लिहून घ्यायचं आहे, काम आहे.
मग बोलले. आधी वरची खुंटी काढायची. खालची आधी काढली की दाब येते अना बंद होत नाही. कोणत्या महिन्यात किती, हलक्या धानाला किती, भारी धानाला किती. एकेचाळीस मिनिटं. शेवटी माझीच बॅटरी संपली.
गेमसाठी आहे हे सांगितलं नाही. सरप्राइज.

१५ जून, रविवार
बाबांना विचारलं, पहिलं पाणी कोणाले? म्हणाले, शेपटीच्या बांधीले. सगळ्यात दूरच्या. मी म्हटलं, काऊन? तलावाजवळचा माणूस भांडत नाही का? तर म्हणाले, "जवळच्याले पाणी दिसते रे. दूरच्याले निस्ता आवाज येते. ज्याले आवाजच येते त्याले आधी देजो."
वाक्य भारी आहे. स्टोरीत टाकलं. मग काढलं. ॲक्शन कमी वाटत होती. त्या जागी पाणकराला बंदूक दिली.

१८ जून
एक पान: नाही. कारण: पेन.

३० जून
महिन्याचे सिनेमे. ठरले दहा. सुरू केले सात. संपले दोन. एकाचा शेवट ओमेशने सांगितला, तो अर्धा धरू. एकूण अडीच.
पहिला हाणामारीचा. हिरोचा बाप मरतो तेव्हा हिरो शहरात असतो. शेवटी हेलिकॉप्टरने येतो. धडा: एंट्री उशिरा असावी.
दुसरा भुताचा, तेलुगूत. समजला नाही, म्हणून जास्त भीती वाटली. धडा: गेममध्ये भाषा कमी ठेवणे.
पुढच्या महिन्यात राहिलेले साडेसात धरून साडेसतरा पाहायचे.

११ जुलै
चहाच्या सुट्टीत बाबांचाच फोन. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लावला. गावात धानाची रोवणी सुरू आहे, पाण्याने आठ दिवस दडी मारली, म्हणून तुडूम उघडलं म्हणाले. "आवाज आयक," म्हणाले, आणि फोन पाण्याजवळ धरला. "असा घरघर आवाज आला की समजजो एक खुंटी बरोबर निंगाली. फुसफुस आला तर मंधात कचरा हाय."
मागे मशीनचा आवाज होता, मला काहीच ऐकू आलं नाही. म्हटलं, हो हो, घरघर. बाबा खूश. म्हणाले, "कान हाय तुले."
नोंद: साऊंड इफेक्ट फ्री मिळाला. रेकॉर्ड करायचं राहिलं.

२२ जुलै
बहिणीचा, चेतनाचा फोन. बाबा तुडमावर घसरले. पाण्यातच गेले. मंगरूने ओढून काढलं. (मंगरू बाबांच्या हाताखाली आहे, पंधरा वर्षं फावडं घेऊन मागे मागे फिरतो.) गुडघा सुजला आहे आणि उजव्या डोळ्याने खुंटी दिसत नाही म्हणे, हाताने चाचपतात. "तुले सांगू नको म्हणाले, त्याचं मन उडन शिकण्यातून." असं चेतना म्हणाली.
फार वाईट वाटलं. गावाला जायला पाहिजे.
लेव्हल चारमध्ये पाणकर पाण्यात पडतो, त्याची लाइफ अर्धी होते. सीन चांगला जमला. उद्या बाबांना फोन करतो.

२३ जुलै
फोन: राहिला.

२७ जुलै, रविवार
गावचा इंद्रकुमार मिलचा तांदूळ घेऊन ट्रकने इकडे आला होता. बाबांनी त्याच्याजवळ डबा पाठवला. मला वाटलं आईने लाडू दिले. उघडला तर चिंचोके. इंद्रकुमार म्हणाला, "देवचंदकाकानं बेचाळीस मोजून देल्ले. जपून ठेवजो म्हणाले." घाईत होता, गेला.
ओमेश म्हणाला, बाप असावा तर असा, पोरगा परदेशात चिंचोके मिस करते हे त्याले समजते. तव्यावर भाजले, टरफल काढलं. सिनेमा लावला आणि दोघांनी खाल्ले. ओमेशने जास्त. कडक होते, जुने असतील. काहींवर रेघा ओरखडल्या होत्या, टिंबं होती. कीड म्हणून आधी घासून घेतले.
सिनेमा पूर्ण पाहिला. या महिन्यात पहिल्यांदा.

३१ जुलै
महिन्याचे सिनेमे: ठरले साडेसतरा. झाले एक. पण चिंचोक्यांवर झाला, म्हणून आठवणीत आहे. एका माणसाला वारसा मिळतो आणि त्याला पत्ताच नसतो. पब्लिकला आधीच समजते, त्यालाच समजत नाही. लांबवला होता. असा येडा कोण असते?

३ ऑगस्ट, रविवार
बाबांनी विचारलं, डबा भेटला? म्हटलं, भेटला. "सारे पाह्यले?" म्हटलं, एकेक करून. खोटं नाही. "कसे वाटले?" म्हटलं, मस्त, शेवटपर्यंत पुरले. बाबा हसले. आई मागून काहीतरी बोलली, तिला म्हणाले, "पाह्य, म्या म्हणलो नव्हतो?"
मग म्हणाले, पोळ्याला ये. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नारबोद (गावची पीडा घेऊन जाणारी बाहुली) गावाबाहेर काढली की पाळीवर मीटिंग आहे, सारा गाव राहील. "तुयं नाव घेतलं हाय म्या. डबा आणजो संग."
माझं नाव. मीटिंगमध्ये. सारा गाव.

४ ऑगस्ट
ओमेशला सांगितलं, गावात माझा सत्कार आहे. बाबांना गेमचं कुठून समजलं माहीत नाही. म्हणाला, "डबा कायले पायजे सत्कारात?" म्हटलं, नारळ, शाल, डबा भरून देत असतील. त्याला पटलं. मला आधीच पटलं होतं.

९ ऑगस्ट
स्टोरी पाठवली. सहा लेव्हल. पाणी पहिल्या लेव्हलमध्ये थोडं ठेवलं, शेपटीला आधी पाणी आणि खुंटीचा आवाज, गावचं म्हणून. पुढे बंदूक, झोंबी, हेलिकॉप्टर. बाबांनी सांगितलेलं अठरा पानं झालं होतं, त्यातलं अर्धं पान वापरलं. बाकीच्या पानांत गोदामातल्या लोकांनी भजी बांधून नेली. हरकत नाही, माल डोक्यात आहे.

१४ ऑगस्ट
चेतना म्हणाली, बाबा गावभर सांगून राहिले, दुर्गेश हैदराबादहून सारं इचारते, लिहून घेते, आवाजावरून खुंटी ओळखते. मंगरूलाही सांगितलं, तू आता पोराले साथ देजो.
म्हणजे मंगरूला माझा असिस्टंट करून राहिले. गेमचं त्याला काय समजणार? बघू.

२० ऑगस्ट
सुपरवायझरने सुट्टी दिली. मागितली तेवढी. हे अपेक्षित नव्हतं.
पण विचार केला. निकाल २३ ला, मीटिंगही २३ लाच. गावात रेंज नसते. (पाळीवर असते, पण पाळीवर दिवसभर कोण बसते. बाबा सोडून.) पीयूष सरांचा फोन आला आणि लागला नाही तर? करिअरचा प्रश्न आहे. सत्कार व्हिडिओ कॉलवरही घेता येतो.
बाबांना सांगितलं. म्हणाले, "काम असन तर नको येऊ. फोनवर दिसजो पण. डबा जवळ ठेवजो."
ओमेश म्हणाला, "जाय ना बे." तिकीट काढलं असतं तर त्यानेच पैसे दिले असते म्हणे. लोकांना माझी प्रगती पाहवत नाही, घालवूनच देतात.

२३ ऑगस्ट, शनिवार, दुपार
इस्त्रीचा शर्ट घातला. चेतनाने फोन धरला होता. पाळीवर पन्नास-साठ माणसं. बाबा मध्ये उभे, गुडघ्याला फडकं, हातात काठी. काठी मी पहिल्यांदा पाहिली.
बाबा म्हणाले, हा आमचा दुर्गेश. मी नमस्कार केला आणि भाषण सुरू केलं. म्हटलं, या गेमचं श्रेय गावालाही आहे. गेममध्ये आपला तलाव राहील, सहा लेव्हल राहतील.
गावचे मुन्नालालकाका म्हणाले, "कोन्ता गेम गा?"
बाबांनी हात वर केला. म्हणाले, ते त्याच्या कंपनीचं असन. बाबू, डबा काढ. पहिला चिंचोका कोणाचा, दाखव साऱ्यायले.
तेव्हा समजलं.
बेचाळीस बांध्या, बेचाळीस चिंचोके. प्रत्येक घरच्या माणसाने आपल्या हाताने आपली खूण कोरलेली. काही आजोबांच्या वेळचे, ती माणसंही नाहीत आता. ज्याची पाळी झाली त्याचा चिंचोका डब्यातून टोपलीत टाकायचा. बाबांना लिहिता येत नाही. खुणा पाठ होऊ दे म्हणून पाठवले होते. आज पाणकर बदलायचा होता.
मी डबा दाखवला. त्यात ओमेशचं दाढीचं सामान होतं.
मुन्नालालकाकांनी विचारलं, चिंचोके कोठी गेले? मला पटकन खोटं सुचलं नाही. रायटर असून. म्हटलं, खाल्ले.
आधी पोरं हसली, मग सगळे. कोणीतरी ओरडलं, "खाऊन टाकणाऱ्याले घेऊन जा गे नारबोद!" बाबाही थोडे हसले. मंगरू हसला नाही. बाबा त्याच्याकडे वळून म्हणाले, "मंगरू, चिंचोके जमा कर गा. घरोघरी जाजो." मग चेतनाचा हात खाली गेला. बराच वेळ मला फक्त आभाळ दिसत होतं आणि कोपऱ्यात तिरोड्याच्या वीज प्लांटची चिमणी. मी नमस्कार केलेला हात तसाच ठेवला होता.

२३ ऑगस्ट, संध्याकाळ
निकाल: नाही आलो.

२४ ऑगस्ट, रविवार
पीयूष सरांचा मेसेज. "भाई, बंदूक और हेलिकॉप्टर तो सबने भेजा. पहले लेव्हल में वो पानी वाला अच्छा था. दूर वाले खेत को पहले पानी, वो खूँटी, आवाज़ वगैरह. वैसा और है क्या? मंगल तक भेज दो."
म्हटलं, आहे. अठरा पानं आहेत.
वहीचे तुकडे शोधले. एक सापडला. त्यावर तेल.
डोक्यातून काढायला बसलो. वरची खुंटी आधी की खालची? पंचवीस मिनिटं तिथेच अडकलो.

२६ ऑगस्ट, मंगळवार
काही पाठवलं नाही. कारण: काही नाही.

३१ ऑगस्ट, रविवार
महिन्याचे सिनेमे: शून्य.
गादी झटकताना भिंतीकडून एक चिंचोका निघाला. कच्चा, न भाजलेला. ओमेशच्या हातून उडाला असेल. त्याच्यावर दोन आडव्या रेघा आणि खाली एक टिंब. खूप वेळ पाहिलं. कोणाची बांधी? जवळची की शेपटीची? त्या माणसाची पाळी आता कशी येईल? मंगरूने त्याच्याकडून नवीन आणला असेल का? तो माणूसच राहिला नसेल तर?
ओमेश म्हणाला, फोन लाव. लावला.
बाबांनी उचलला. जेवला का. हो. तिकडे पाणी आला का. आला. मग मी म्हटलं, बाबा, एक चिंचोका वाचला आहे, दोन रेघा, एक टिंब. कोणाचा आहे?
मागे पाण्याचा आवाज येत होता. घरघर. या वेळी बरोबर ऐकू आला.
बाबा म्हणाले, "मले नको इचारू आता. मंगरूले इचार."
ठेवू? ठेव.
अठ्ठेचाळीस सेकंद.
मंगरूचा नंबर माझ्याकडे नाही.