खरं गुलाबतेल गोठते

२ डिसेंबर
हैदराबादचे अत्तरवाले शेठ तेल न्यायला आलेच नाही. फोनवर म्हणे, "अम्मा, आपके गुलाबतेल में मोम है. देवरजी बोले, ठंड में जम जाता है."
मेण! मावला गावच्या वावरातला गुलाब, माझ्या हातानं भट्टीवर चढवलेला. खरं गुलाबतेल थंडीत गोठतेच. प्रभाकरला ठाऊक नाही? ह्यांनीच शिकवलं त्याला. हे गेले अन् सख्खा दीर असा फिरला.

५ डिसें.
शेठ आता प्र.कडून तेल घेऊन राह्यले. भाचीच्या हातून त्याची एक कुपी मागवली. आधी गुलाब, मागून गवत. तिखाडी! बाजारहत्नूरकडचं गवताचं तेल गुलाब म्हणून विकते.
सोडणार नाही.

९ डिसें.
जेवण गोड लागत नाही. चारचौघांत त्याचं तोंड काळं व्हावं. शेठला कळवलं, एक डाव सकाळी या. स्वेटर घालून.

२१ डिसें.
बोटं आखडत होती. प्र.च्याच दुकानाच्या पायरीवर दोन्ही कुप्या तासभर ठेवल्या. माझ्या तेलात बारीक सुया धरल्या. त्याचं पाण्यावानी पातळ. माझी कुपी मुठीत धरली, वितळून निर्मळ झाली. म्हटलं, "शेठजी, मेण असं मुठीत वितळते का?"
प्र. म्हणे, "वहिनी, घरातली गोष्ट रस्त्यावर काऊन आणली?"
"आधी तूच आणली."
मान खाली घालून आत गेला. लय बरं वाटलं. खोटं काऊन लिहू.

२४ डिसें.
शेठनं प्र.च्या उरलेल्या तीन कुप्या पाठवल्या. "परख के लिख दो, अम्मा. एक भी असली निकली तो उसे एक मौका दूँगा. नहीं तो पूरे बाज़ार को बोल दूँगा."
दुपारी जाऊ आली, प्र.ची बायको मंगल. "बाई, पुरं करा आता. दुकान उघडून नाही राह्यले हे." चहा दिला.

२६ डिसें.
पहाटेच अंगणात ठेवल्या. पहिली पातळ. दुसरी पातळ.
तिसरी गोठली.
पुन्हा पुन्हा हुंगली. अस्सल. गवताचा मागमूस नाही.
कागदावर पहिल्या दोन्हींपुढं 'नकली' लिहिलं. तिसरीपुढं तोच शब्द लिहिला तर कोणाला कळते? त्यानं माझ्याशी हेच केलं ना.
ऊन चढून राह्यलं. सुया विरत चालल्या. तिसरी ओळ अजून कोरी.