बारा वाजेपर्यंत उपाशीपोटी

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून तब्येतीची नोंद. पाटबंधारे खात्यात असताना धरणाच्या पाण्याची पातळी रोज दोनदा लिहायचो, सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच. रिटायर होऊन अकरा वर्षं झाली, पण ज्याची नोंद नाही ते झालंच नाही असं मी अजून समजतो. नाव भिकाजी. वय ७१. शिक्षण सातवी (परीक्षेच्या वेळी ताप होता).

लक्षणं. उठल्यावर पायाला मुंग्या. तोंड कोरडं. डाव्या बाजूला मधूनच धडधड. धडधडीचा विचार केला की जास्त.

थोरले भाऊ जुलैत गेले. रात्री दोन भाकरी खाल्ल्या, सकाळी मीच चहा घेऊन गेलो तर अंग गार. आयुष्यात एकदाही त्यांचं रक्त तपासलेलं नव्हतं. माझंही नाही. हे कोणाला बोललो नाही.

उद्या मारुंजीला मेधा डॉक्टरांकडे. विठ्ठलरावांनी बजावलंय, भिकाजी, उपाशीपोटी जा, चा सुदिक न्हाई, न्हाईतर हात हालवत परत येशील. त्यांना माहीत असणारच. त्यांच्याकडे रिपोर्टची जाड फाईल आहे. कासारसाईच्या बसथांब्यावर ती मांडीवर घेऊन बसतात आणि एकेक कागद वाचतात. सगळे ऐकतात.

४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी

काही झालं नाही. म्हणजे तपासणी झाली नाही.

दहाला पोचलो, साडेअकराला नंबर लागला. बाहीचं बटण आधीच काढून ठेवलं होतं. डॉक्टरांनी बीपी घेतलं, छातीला नळी लावली, जीभ बघितली, पाय दाबून बघितले. म्हणाल्या, छान आहे आजोबा, रोज चालत जा. मी म्हणालो, आणि रक्त? म्हणाल्या, चांगलं आहे, अंगातच राहू द्या. बाहेर बसलेले हसले. हसण्यासारखं काय होतं?

शेजारच्या खोलीत लॅबची जुईली बसते. बारा वाजता रक्ताच्या नळ्या डब्यात भरते आणि स्कूटीवरून जाते. तिला म्हणालो, घे थोडं. म्हणाली, डॉक्टरांची चिठ्ठी? नसली तरी चालंल आजोबा, आमचं पॅकेज हाय. मी नको म्हणालो. चिठ्ठीशिवाय तपासलेलं रक्त म्हणजे साहेबाच्या सहीशिवायचं रजिस्टर. त्याला कोण विचारतो?

साडेबाराला घरी आलो. आक्काबाई ताट झाकून बसली होती. माझ्याआधी ती जेवत नाही. लग्नाला बावन्न वर्षं झाली, रीत मोडलेली नाही. सूनबाई मोनिका यावरून मला टोचत असते. म्हणते, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो लावलाय अन्‌ आई अजून तुमच्या मागनं जेवत्यात, काय म्हणायचं तुमाला नाना? पण मी कुठे सांगतो? तिचं तिनं ठरवलंय.

५ नोव्हेंबर, बुधवार

ठराव केला. डॉक्टरांचं मन कधीही बदलू शकतं. त्या दिवशी नेमकी पोटात भाकरी असली तर संधी जाईल. म्हणून रोज बारापर्यंत उपाशी राहायचं. जुईली गेली की जेवायचं. मुलगा प्रदीप कंपनीची कॅब चालवतो, मोनिका हिंजवडीला कामाला जाते, दोघं साडेसहालाच बाहेर पडतात. त्यांना सांगायची गरज नाही. उगाच वाद.

आक्काबाईला साखर आहे, तीन वर्षं. उपकेंद्रातली सिस्टर दर महिन्याला तिचं बोट टोचते आणि सहा महिन्यांनी दंडातून रक्त घेते. तिला त्याची किंमत नाही, जाताना कुरकुरते. एकाच घरात एकाला एवढं आणि एकाला काहीच नाही.

तिची गोळी जेवणाआधी अर्धा तास. आमची भाकरी आठला असते म्हणून गोळी साडेसातला. ही वेळ मी सांभाळतो. एका हातात गोळी, एका हातात पाणी, साडेसात म्हणजे साडेसात. आजही दिली. माझ्या उपासामुळे तिची शिस्त मोडू देणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

उपास, दिवस तिसरा. दहाच्या सुमारास डोळ्यांपुढे काजवे. हे लक्षण सोमवारच्या यादीत नव्हतं. म्हणजे रोग वाढतोय. डॉक्टरांना आता कळेल.

आक्काबाईने निम्मा चहा बशीत सांडला. लक्ष कुठंय, विचारलं. म्हणाली, काय न्हाई वो, हात जरा कापतूय. थंडी पडलीय. स्वेटर घाल म्हणालो.

१० नोव्हेंबर, सोमवार

परत मारुंजी. सगळी लक्षणं वाचून दाखवली, काजव्यांसकट. डॉक्टरांनी विचारलं, जेवण जातं का? मी म्हणालो, पोटभर. खोटं काही नाही, साडेबाराला तीन भाकरी जातात. त्यांनी परत बीपी घेतलं. म्हणाल्या, सकाळी नाश्ता वेळेवर करा आणि काळजी कमी करा.

नाश्ता ही काय ट्रीटमेंट झाली? पूर्वीचे डॉक्टर निदान सुई तरी टोचायचे.

येताना दुकानातून प्लास्टिकची फाईल आणली, निळी. रिपोर्ट आल्यावर धावपळ नको.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आनंदाची गोष्ट. सिस्टरने आज आक्काबाईचं बोट टोचलं. ७८. मागच्या महिन्यात दीडशेच्या वर होती. सिस्टर म्हणाली, आक्का, येवढी कमी कशी, खातीस न्हवं येळेवर? आक्काबाई माझ्याकडे बघून म्हणाली, खाते की. नवऱ्याची गोष्ट चारचौघांत काढत नाही, हा तिचा गुण.

मला कारण ठाऊक आहे. रिकाम्या पोटी गोळीला दुसरं काम नसतं, ती सरळ साखरेच्या मागे लागते. डॉक्टर लोकांना एवढं सुचत नाही. सातवी शिकलेल्याला सुचलं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चोरी पकडली. अकरा वाजता पाणी प्यायला आत गेलो तर आक्काबाई ओट्याशी उभी, तोंडात गुळाचा खडा. साखर असलेली बाई! मी खूप बोललो. इतक्या मेहनतीने साखर उतरवली आणि हिने चार दिवसांत घालवायचं ठरवलंय. ती भिंतीला धरून म्हणाली, जीव लई घाबरा व्हतोय, गोड तोंडात घातलं की बरं वाटतं. मी म्हणालो, दारुड्यालासुद्धा तसंच वाटतं.

गुळाचा डबा माळ्यावर ठेवला. साखरेचाही. स्टूलवर चढताना मलाच गरगरलं. नोंद केली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आक्काबाई चिडचिडी झालीय. एवढ्या वर्षांत मला उलट बोलली नाही, आज म्हणाली, तुमच्या रक्तापायी माझ्या जिवाला घोर. लगेच बाहेर जाऊन उन्हात बसली. माझंच काय कमी होतं, आता हिच्याही तब्येतीकडे बघा.

बसथांब्यावर विठ्ठलराव म्हणाले, काय रं, रिकामीच फाईल मिरवतूयस व्हय? मी म्हणालो, मोठी तपासणी हाय, येळ लागतो. ते म्हणाले, मोठी म्हंजे कंची? मला नावं आठवेनात. थायरॉईड म्हणालो. म्हणाले, त्यो बायकांचा. सगळे हसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज सगळी घरी, म्हणून आठला जेवावं लागलं. काजवे नाहीत, धडधड नाही. रोग रविवारी सुट्टी घेतो की काय? मोनिका म्हणाली, आई आज किती दिसांनी माणसात हायेत.

उद्या शेवटचा प्रयत्न. आक्काबाईला साक्षीला घेऊन जातो. माझ्या तोंडावर डॉक्टरांचा विश्वास नाही, बायको म्हणेल तर ठेवतील. काय काय सांगायचं ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळ, हॉस्पिटलच्या बाकावर

वही पिशवीत होती म्हणून लिहितोय.

क्रमाने लिहितो. साडेसातला गोळी दिली. साडेनऊला टमटम मिळाली, चढताना तिचा पाय दोनदा चुकला. क्लिनिकात आमचा नंबर नववा. अकराला तिला घाम सुटला, थंडीत पदर ओला झाला. मला म्हणाली, प्रदीपचं दप्तर घेतलं का? प्रदीप बेचाळीस वर्षांचा आहे. मी म्हणालो, काय बडबडतेस, आत गेल्यावर फक्त माझ्याबद्दल बोल.

असं मी म्हणालो.

सव्वाअकराला ती बाकावरून खाली आली. आवाज फारसा झाला नाही. एक बाई ओरडली. मेधा डॉक्टर आतला पेशंट सोडून धावत आल्या, जुईलीने बोट टोचलं. ३४. मला त्या आकड्याचा अर्थ कळला नाही, पण दोघी एकदम धावल्या ते कळलं. शिरेतून ग्लुकोज दिलं. मी हात धरून होतो. तो हात थोरल्या भावासारखा गार होता.

काही वेळाने डोळे उघडले. सगळीकडे बघितलं आणि मला म्हणाली, तुमचं रक्त घेतलं का वो?

डॉक्टरांनी विचारलं, यांनी सकाळपासून काय खाल्लंय? म्हणालो, चहा, बिनसाखरेचा. त्या म्हणाल्या, का? म्हणालो, मी जेवल्याशिवाय ती जेवत नाही. मग तुम्ही का नाही जेवलात?

सांगितलं. बारापर्यंतचं, गोळीचं, जुईलीच्या डब्याचं, सगळं. डॉक्टरांनी विचारलं, हात कापत होते का? घाम? गोड मागत होत्या? सगळ्याला हो म्हणालो. तारखा विचारल्या नाहीत, पण मला पाठ होत्या. गूळ मी माळ्यावर ठेवला हेही सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं पेन खाली ठेवलं.

गोळीचा जोर लगेच उतरत नाही, साखर परत पडू शकते, म्हणून इथे मोठ्या दवाखान्यात पाठवलंय. दर तासाला बोट टोचतायत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

पहाटे साखर परत पडली होती. बाटली बदलली.

मोनिका रात्रभर होती. सकाळी चहाचा कप माझ्या हातात दिला आणि म्हणाली, नाना, तुमास्नी कुटं काय दुखतंय ते आख्ख्या गावाला ठावं हाय. आईला काय व्हतंय ते एकदा तरी इचारलं का? प्रदीप म्हणाला, जाऊ दे. ती म्हणाली, का जाऊ दे? मेल्या असत्या तर जाऊ दे म्हणला असतास का? तो खिडकीकडे गेला.

मी उत्तर शोधलं. वहीत शोधलं. विचारलं होतं की, सात तारखेला. लक्ष कुठंय म्हणून.

सकाळी आक्काबाई फार वेळ हलली नाही. अंगाला हात लावून बघायला धीर होईना. पलंगापासून दोन पावलांवर उभा राहिलो. मग ती खोकली. इतका चांगला खोकला मी ऐकला नव्हता.

माझ्या मुंग्या, तोंड, धडधड यांची आज नोंद नाही. बघायचं राहून गेलं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

घरी सोडलं. ती गोळी बंद, दुसरी दिलीय. आक्काबाई टमटममधून उतरली ती थेट कोंबड्यांकडे गेली. म्हणाली, दोन दिस कुणी दाणं टाकलं न्हाईत, बगा कशा झाल्यात.

विठ्ठलराव भेटायला आले. आपली फाईल उघडून म्हणाले, आक्का, माजी बी येकदा पन्नासवर आलती. पहिल्यांदा मला ती फाईल बघवली नाही. चहा न घेता गेले.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मेधा डॉक्टरांकडे चौघं गेलो. मोनिकाने रजा टाकली होती. डॉक्टर आक्काबाईला म्हणाल्या, आजी, उद्यापासून सकाळी आठला खायचं, कोणासाठी थांबायचं नाही. आक्काबाईने मान हलवली आणि म्हणाली, व्हय, ह्यांचं झालं की खाते. डॉक्टरांनी परत समजावलं. मोनिका चिडली, प्रदीपने हात जोडले. आक्काबाई हळूच म्हणाली, बाई, तुमी शिकलेल्या हायसा, तुमचं खरं हाय. पन ह्यांच्या आदी माज्या घशाखाली उतरतच न्हाई, मी तरी काय करू? मी म्हणालो, मी सांगतो ना, आधी जेव. तर म्हणाली, तुमच्या सांगण्यानं व्हतंय व्हय ते!

डॉक्टरांनी आक्काबाईची चिठ्ठी बाजूला सरकवली. मग नवा कागद घेतला. वर माझं नाव लिहिलं, पुढे वय ७१, पुरुष. बारा दिवस ज्या कागदासाठी उपाशी होतो तो समोर तयार होत होता. खाली एकच ओळ. रोज सकाळी आठ वाजता जेवणे. सही, शिक्का.

मी कागद घेतला. रक्ताचं त्यात काही नव्हतं. मीही विचारलं नाही. जुईली दारात उभी होती, तिच्याकडे न बघता बाहेर आलो.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

साडेसातला गोळी दिली, नवी. पावणेआठलाच पाटावर बसलो.

आठ वाजले. आक्काबाईने दोन ताटं वाढली. भाकरी, वांगं, कांदा. मला बिलकुल भूक नव्हती, रात्री डोळा लागला नाही. खा म्हणालो तर मानेने हो म्हणाली आणि हात मांडीवरच ठेवून माझ्या ताटाकडे बघत राहिली. घास तोंडात घातला. कोरडा लागला. चावायला वेळ लावला नाही, पाण्याबरोबर तसाच गिळला.

मग तिने भाकरी मोडली.