आपलं जपानी कुत्रं

आई, पोलीस ॲक्शननंतरचं तिसरं-चौथं वर्ष असेल. दादा मंठ्याला ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते, मी तुम्हा दोघांची अकरा वर्षांची लेक. हैदराबादच्या एका साहेबांची बदली झाली आणि जाताना त्यांच्या बाईसाहेबांनी डोळे पुसत आपलं छोटं जपानी कुत्रं दादांच्या हाती दिलं. काळं-पांढरं, रेशमासारखे केस, चपटं नाक, मोठाले डोळे. भुंकणं जवळपास नाहीच. मांजरासारखं पंजानं तोंड पुसायचं, खिडकीत चढून बसायचं आणि परकं माणूस आलं की दादांच्या धोतराआड व्हायचं. दादांनी मला बजावलं, "रोज डोळे ओल्या फडक्यानं पुसायचे, कानामागचे केस इंचरायचे. आन् उन्हात बिलकुल न्यायचं न्हाई. नाक आखूड हाय, त्याला दम पुरत न्हाई." तुझं वेगळंच. "माझ्या सैपाकघरात त्याचा एक केस दिसला न्हाई पाह्यजे."

वैशाखातली दुपार होती. तू शेवया करत होतीस. ते पिठाजवळ आलं म्हणून तू त्याला ओसरीवर काढलंस आणि कडी लावलीस. दादा खेड्यावर गेल्ते. मी त्याला उचललं आणि मैत्रिणींना दाखवायला थेट बाजारापर्यंत गेले. येताना हात दुखले म्हणून चालवत आणलं. ओसरीवर पोचताच ते आडवं झालं. जीभ निळसर, घशात घरघर. मी किंचाळले.

तू पिठाच्या हातांनी धावत आलीस. एरवी त्याला शिवत नव्हतीस. त्या दिवशी छातीशी धरून माठाखालच्या ओल्या वाळूवर निजवलंस. पोटावरून, पंजांवरून ओलं फडकं फिरवत राहिलीस. माझ्या हातात सूप दिलंस. "वारा घाल, जल्दी. थांबू नको." किती वेळ गेला कोण जाणे. मग घरघर कमी झाली, त्यानं डोळे उघडले आणि तुझ्या मनगटावरचं पीठ चाटलं. तू भिंतीला टेकून हसायला लागलीस, हसता हसता रडलीस.

संध्याकाळी तू दादांना म्हणालीस, "म्याच बाहेर काढल्तं त्याला. माझीच चूक झाली." दादा म्हणाले, "पाणी लावलंस ते बराबर केलंस. म्हणून वाचलं." मी ताटात बघत जेवत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून ते स्वयंपाकघरात बसायला लागलं. पुढं सात-आठ वर्षं चूल पेटवायच्या आधी तू त्याचे डोळे पुसायचीस आणि माझ्याशी बोलली नाहीस इतकं त्याच्याशी बोलायचीस.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, घडी करून ठेवेन. त्याला उन्हात मी नेलं होतं, आई. तुझी काही चूक नव्हती. एवढं लिहिलं आणि हलकं वाटलं. पण खरं सांगू? त्या संध्याकाळी गप्प बसल्याचा मला कधी पस्तावा झाला नाही. बोलले असते, तर तू त्याला बाहेर काढून पुन्हा कडी लावली असतीस.