आमच्या घरातला मासा कोळंबी खातो

अण्णा,

तुमच्या घरात आता कोळंबी शिजते. म्हणजे माझ्या घरात, इथे परदेशात, पॉइंट कुकला. पण आई जिथे राहते ते घर आपलंच, असं तुम्ही धरून चालला असतात, म्हणून तसं लिहिलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मध्येच चष्मा काढून तो टेबलावर आपटायला तुम्हाला थांबावं लागणार नाही. कोळंबी मीच आणते. पहिल्यांदा आणली ती माशासाठी. हो, मी पुन्हा मासा पाळलाय, आणि तोही कॅटफिश. मिशीवाला, तळाशी बसणारा, तुम्ही ज्याला 'आपलं सफाई खातं' म्हणायचात त्याच जातीचा. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे माझं कुणी काही वाकडं करू शकत नाही, आणि जे बोलायचं ते आज मी पुरतं बोलून घेणार आहे.

माझ्या दहाव्या वाढदिवसाला तुम्ही दिलेली काचेची टाकी मी विसरलेले नाही. ती तुम्ही विकत आणली नव्हतीत. चिंचवडच्या त्या फ्लॅटच्या बाल्कनीत, कंपनीतून दमून आल्यावर, तुम्ही काचांच्या कडा घासत बसायचात. सिलिकॉनची नळी दाबताना तुमची जीभ दातांत धरलेली असायची. मग टाकीत पाणी भरायचं, खाली वर्तमानपत्र घालायचं आणि कुठे ओल येते का ते बघायचं. दोनदा गळली, दोनदा तुम्ही सगळं सोडवून पुन्हा जोडलंत. तिसऱ्यांदा कागद कोरडा राहिला तेव्हा माझं कडेवर बसायचं वय केव्हाच सरलेलं असूनही तुम्ही मला उचलून घेतलंत. इतक्या निगुतीने टाकी बनवणारा माणूस त्यातल्या माशांना काय खायला घालत होता? कणकेच्या गोळ्या. देवळाच्या तळ्यात लोक टाकतात तशा. सकाळी पोळ्यांची कणीक भिजली की पहिला वाटा माशांचा. आणि चतुर्थीला भिजवलेला साबुदाणा. इथे कुणाला सांगितलं तर लोक पोट धरून हसतात. मी नाही हसत. मला दिसतं, पांढरे दाणे हळूहळू तळाला चाललेत आणि तो काळा कॅटफिश मिशांनी एकेक चाचपून बाजूला सारतोय. त्याचं पोट खपाटीला गेलंय. तुम्ही काचेवर टिचकी मारून त्याला सांगताय, "बाबा रे, आज उपास आहे." वर पोहणाऱ्या रंगीत माशांचं उरलंसुरलं खाऊन तो जगेल, असं तुमचं पक्कं मत होतं. तळाशी राहणाऱ्याला वेगळं काय लागतं?

त्या वर्षी मे महिन्यात मामा आला, ते तुम्हाला नक्की आठवत असेल. देवगडहून आंब्याची पेटी घेऊन आला, आणि त्याबरोबर आईसाठी प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेली सुकट. आंबे घरात आले. सुकट बाहेर जिन्यात, चपलांच्या स्टँडवर राहिली. ज्या घरात रोज मासळी यायची त्या घरात आई वाढली होती, आणि लग्न ठरताना तुमच्या आईने घातलेली मासळी सोडायची एकुलती एक अट तिने कधी मोडली नव्हती. मी मात्र जिन्यात गेले, पुडीला भोक पाडलं, चिमूटभर वाळकी कोळंबी मुठीत आणली आणि टाकीत सोडली. अण्णा, तो मासा असा वर आला! दिवसभर दगडामागे पडून असणारा तो, शेपटी मारत वर आला आणि त्याने एक कणही सोडला नाही. मी टाळ्या वाजवल्या. माझ्या हाताला वास होता, तो तुम्हाला दारातच आला. तुम्ही हात उगारला नाहीत, तुम्ही कधीच उगारला नाहीत. नुसतं म्हणालात, "आपल्या घरात हे खात नाहीत." मी म्हटलं, "मी नाही खाल्लं, माशाने खाल्लं." तर तुम्ही म्हणालात, "आपल्या घरातल्या माशानेसुद्धा नाही." आणि तुम्ही चेष्टा करत नव्हतात. नळी लावून टाकीतलं निम्मं पाणी उपसून टाकलंत. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती, हात कोरडे झाले तरी पुसत होती. पुडी खाली वॉचमनकडे गेली. पावसाळा संपायच्या आत मासा मेला, आणि तुम्ही म्हणालात, "त्याचं आयुष्यच तेवढं होतं." नाही अण्णा. या जातीचे मासे नीट खायला मिळालं तर वर्षानुवर्षं जगतात. हे मला इथे येऊन कळलं, आणि कळलं त्या दिवशी मी दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून तुमच्यावर चिडून रडले.

इथला मासा लेकीने मागितला म्हणून आला. दुकानदार पिकल्या दाढीचा, हातावर माशांचेच टॅटू. मी त्याला विचारलं, हा खाली पडलेलं खाऊन राहील ना? तो हसला. "एव्हरीवन आस्क्स मी दॅट, लव्ह. ही इज नॉट युअर क्लीनर. रोज एकच दिलंस तर हळूहळू खंगेल." हे शेवटचं अर्थात त्याने इंग्रजीत सांगितलं, पण मला ते मराठीतच ऐकू आलं. मग त्याने शिकवलं ते असं. तळाला बुडणाऱ्या गोळ्या द्यायच्या, पण रोज त्याच नाहीत. कधी साल काढलेले उकडलेले मटार, कधी झुकिनीची वाफवलेली चकती, कधी फ्रीझरमधल्या लाल अळ्यांची वडी, आणि अधूनमधून कच्ची कोळंबी, बारीक चिरून. संध्याकाळी टाकीचा दिवा मालवल्यावर घालायचं, कारण उजेडात तो लाजतो. शिवाय आठवड्यातून एक दिवस काहीच नाही. हे ऐकून आईने घरी ताबडतोब माशाचा गुरुवार ठरवून टाकला. तेवढा एक मार्क मी तुम्हाला देते, पुढे नाही.

खाऊ घालायचं काम बघता बघता आईकडे गेलं. लेकीला शाळा, मला गोदामाच्या ऑफिसात शिफ्ट, घरात दिवसभर आईच. सकाळी चहाच्या आधी विचारायची, "आज ह्याला काय?" एकेका मटाराचं साल नखाने काढायची. चकती तरंगते म्हणून तिला स्टीलचा काटा टोचून खाली सोडायची. आणि स्वतः? मऊभात, मेतकूट, लोणच्याची फोड. चतुर्थी, सोमवार, गुरुवार, एकादशी, सगळं तुमच्या वेळी होतं तसंच चालू. वर्षभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बाथरूममधून बाहेर येताना भिंतीला धरायला लागली. मी तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर बाई पंजाबी, तिने रक्ताचे रिपोर्ट बघितले, आईचा दंड दोन बोटांत धरून बघितला आणि माझ्याशी बोलायचं सोडून सरळ तिच्याशीच बोलली, "आंटीजी, आप सूख रही हैं. रोज वही चावल नहीं चलेगा. अंडा, दाल, पनीर, कुछ तो बदल-बदल के खाइए, नहीं तो एक दिन गिर जाएँगी." आई नम्रपणे हो म्हणाली आणि घरी येऊन मऊभात खाल्ला.

त्या संध्याकाळी माझा तोल गेला. ती टाकीपाशी वाकून मटार सोडत होती. मी म्हटलं, "त्याला रोज वेगळं, आणि तू?"

"तो मुका जीव आहे गं. त्याला मागता येत नाही."

"आणि तुला येतं?"

तिने झाकण लावलं, हात धुतले, आणि पुसत राहिली. ते पुसणं बघून मला चिंचवडचं दार आठवलं आणि भीती वाटली. अण्णा, खरी भीती. मला वाटलं, ही अशीच हो म्हणत म्हणत संपेल, आणि कुणीतरी म्हणेल की तिचं आयुष्यच तेवढं होतं.

पुढच्या शनिवारी, इतके दिवस टाळलेली कोळंबी मी माशासाठी आणली. सालासकट, डोक्यासकट, कारण मला काय माहीत कशी आणतात. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून बसले, तर एकीची शेपटी हातात आली आणि बाकीची निसटून सिंकमध्ये पडली. लेक नाक दाबून उभी, "मम्मा, धिस इज सो ग्रॉस." आई आतल्या खोलीत जप करत होती. वास गेला असणार. बाहेर आली, क्षणभर बघत राहिली, मग बांगड्या वर सारल्या आणि मला म्हणाली, "सरक." डोकं पिरगळून बाजूला, साल एका ओढीत, पाठीतला काळा दोरा अंगठ्याच्या नखाने अलगद. बोटं इतकी भराभर चालत होती की मी नुसती बघत राहिले. लेक म्हणाली, "आजी, हाऊ डू यू नो हाऊ टू डू दॅट?" आई म्हणाली, "माझ्या घरी करायचे." एवढंच. अण्णा, चाळीसहून जास्त वर्षांत तिच्या तोंडून 'माझं घर' मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते घर तुमचं नव्हतं.

एक कोळंबी तिने तांदळाएवढी बारीक चिरली आणि वाटीत माशासाठी ठेवली. बाकीचा ढीग तिथेच होता.

"एवढ्याचं काय करणार?"

"फ्रीझरमध्ये टाकते. पुरेल त्याला."

ती ढिगाकडे बघत राहिली. टॅप नीट बंद केला. मग, माझ्याकडे न बघता, "आमसुलं आहेत का गं?"

मी सगळे डबे उपसले. आमसुलं सापडली, नारळाच्या दुधाचा टिन सापडला. तिने लसूण ठेचला, मिरची-हळद घातली, कोळंबी परतली, वर आमसुलं. ताटात भात घेतला आणि पहिला घास हातात धरून थांबली. "ह्यांना चाललं नसतं," म्हणाली. मी म्हटलं, "त्यांना विचारलेलं नाही." हो, मी असं म्हटलं, जसंच्या तसं. आईने घास तोंडात घातला. हळूहळू चावला. रडली वगैरे नाही, तुम्हाला वाटत असेल तसं काही झालं नाही. मीठ कमी आहे म्हणाली, आणि पुन्हा भात मागितला. वर्षभरात तिने पुन्हा भात मागितला नव्हता.

आता ती खाते. दर आठवड्याला. अंडंही खाते, मुगाची उसळ खाते, पनीरला नावं ठेवत ठेवत खाते. चतुर्थी तिने ठेवलीय, बाकीचे उपास सोडले, आणि मी काही सांगितलं नाही, तिनेच सोडले. भिंत न धरता चालते. तुम्ही वाईट नव्हतात अण्णा, हे मी भांडताना विसरते असं नाही. पण चांगल्या माणसानेही एका बाईचं ताट आयुष्यभर ठरवू नये. तिने ते तुमच्यासाठी सोडलं, आणि तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की तुला आठवण येते का. मासा मुका होता, ठीक आहे. ती तर तुमच्या शेजारी बसायची. तुम्ही असतात तर हे सगळं तुमच्यासमोरच केलं असतं, आणि तुम्ही पाणी उपसायला नळी शोधली असतीत तर ती मी लपवून ठेवली असती.

आता राहिलं एकच. पहिल्या दिवशी आईने माझ्या ताटातही वाढलं होतं. एवढं सगळं बोलून झाल्यावर मला खायलाच हवं होतं. मी कोळंबी उचलली, ओठापर्यंत नेली आणि परत ताटात ठेवली. पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नको असेल तर नको खाऊस. त्यात काय." हे वाक्य आपल्या घरात कुणी कुणाला म्हटल्याचं मला आठवत नाही. मग मी उठून वरणभात वाढून घेतला, वर तूप, लिंबाची फोड, तुम्ही कालवून द्यायचात तसा. ती कोळंबी खात होती, मी वरणभात खात होते, आणि अण्णा, मला तो जगात सगळ्यात जास्त आवडतो. पण हे तुम्हाला कळलं तर जिंकल्यासारखे हसाल, म्हणून हे पत्र मी कुठेही पाठवणार नाही.