जुनैदची माती

७८६
मनामा, ३ मे १९९५

आदरणीय जुबैदाआपास,
सलाम. बर्फ वितळला आणि तुझा जुनैद सापडला. फोनवर तुलाही बोलवत नाही, मलाही, म्हणून लिहितो. अरबाबच्या, त्याच्या मालकाच्या, कुटुंबासोबत स्वयंपाकाला आल्प्समध्ये गेलेला पोरगा, एसीतही मफलर बांधणारा, आणि मौत आली ती कोसळत्या बर्फाखाली. माझी दहा वर्षांची मेहरीन रोज जुनैदभाईचं इंग्रजीत विचारते. मला मराठीतही सांगवत नाही.

तो गेला ते गाव कसं, हे तू विचारलंस. बुदैयाहून अरबाब मुद्दाम बाब अल बहरीनला आमच्या दुकानात आला, त्याने सांगितलं. चारशे वर्षांचं, काळ्या पडलेल्या लाकडी घरांचं. वरच्या रानाला कुऱ्हाड लावायची नाही, झाडंच बर्फ अडवतात म्हणून. यंदा तीही आडवी झाली. डोंगरावरून उतरणाऱ्या गाईंना फुलं बांधून मिरवतात, ते बघायला लोक येतात. दफनाला चर्चमागे जागा देतायत. इथे आणू की तिथेच, तू सांग.
तुझा तौकीर

राजापूर, १४ मे १९९५

चि. तौकीरला दुआ.
इतके महिने बर्फात पडलेल्या पोराला आता विमानातून फिरवू नकोस. मौत तिथे माती. एकदा माती दिली की कयामतपर्यंत कबरीला हात लागत नाही, एवढं आईला पुरे. तू स्वतः जा, तोंड किब्ल्याकडे, मक्केच्या दिशेला कर. गाईंचं वाचून बरं वाटलं, त्याला गुरांची फार आवड.
जुबैदाआपा

मनामा, २ जून १९९५

आपा, सलाम.
दफन झालं. नमाजला अरबाब, मी आणि दोन तुर्की गवंडी. नंतर चर्चचा माणूस मोठ्या आपुलकीने गाव दाखवायला घेऊन गेला. एका तळघरात कवट्या रचलेल्या, कपाळावर नावं आणि फुलं रंगवलेली. जागा अपुरी, म्हणून वीस वर्षांनी प्रत्येक कबर उघडतात. जुनैदचीही उघडतील. मुदत वाढवा म्हणालो, तर कोणाचीच वाढवत नाहीत म्हणाला. आपा, मला आधी कोणी सांगितलं नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटते.
तौकीर

राजापूर, १३ जून १९९५

चि. तौकीरला दुआ.
रडून झालं. तुझ्यावर राग नाही. वीस वर्षांनी मी नसेन, तुझे गुडघे नसतील. मेहरीनला आत्तापासून सांगून ठेव. त्या दिवशी तिने तिथे उभं राहायचं, कोणाला कपाळावर रंग लावू द्यायचा नाही, आणि भावाला पांढऱ्या कापडात बांधून राजापूरला आणायचं. जमातीकडून मी माझ्या कबरीशेजारची जागा मागून घेतली आहे. मुलगा उशिरा येईल, असं सांगितलंय.
लेकरांवर माया आहेच, माझ्यावरही राहू दे.
जुबैदाआपा