आबासाहेबांचं पान

सोमवार, ३ फेब्रुवारी
लागलो एकदाचा! चाकणच्या कंपनीत कँटीन सांभाळणारा मी, आजपासून रावेतच्या या टोलेजंग बंगल्याचा कारभारी. कोठीच्या किल्ल्या माझ्याकडे. स्वयंपाकीण, माळी, ड्रायव्हर माझ्या हाताखाली. बायको वर्षाली फोनवर म्हणाली, राजाच झालात की. रविवारी काळेवाडीला घरी लेकीचा पहिला वाढदिवस आहे. मालकीण कुसुमताईंनी सुट्टी लगेच दिली. रिवाज एकच: घरातल्या सगळ्यांचं आटोपल्याशिवाय कारभाऱ्यानं जेवायचं नाही, घर सोडायचं नाही. कँटीनमध्ये तरी वेगळं काय होतं?

बुधवार, ५
आबासाहेब, म्हणजे ताईंचे सासरे, तिसऱ्या मजल्यावर असतात. त्यांचं पान बंद दाराशी मुकाट्यानं ठेवायचं आणि घटकाभरानं उचलायचं. दोन दिवस भरलेलंच उचललं. आज कँटीनमधली जित्याची खोड, ठेवता ठेवता तोंडून गेलं, “सावकाश होऊ द्या.” आत पाट सरकला. दार किलकिलं झालं, ताट आत गेलं. म्हटलं, चला, म्हाताऱ्याला भूक लागली.

गुरुवार, ६
ताट बाहेर आलेलं नाही. आतून भुरके ऐकू येतात, संथपणे. मी कालपासून उपाशी. स्वयंपाकीण मंजुळाबाईंना सांगितलं, तर त्यांनी मला बाजूला ओढलं.
“आबासायबास्नी जाऊन सात वर्सं झाली. पान नुसतं दाखवायचं असतंय. तुमी त्यास्नी जेवाय बसवलं.”
घरची माणसं कालपासून हॉटेलात जेवतायत, हे तेव्हा लक्षात आलं.

शुक्रवार, ७
फाटकाबाहेर पाऊल टाकलं, ते तिसऱ्या मजल्यावर पडलं. त्याच दारासमोर. चार वेळा. घास उचलला की हात तोंडापर्यंत जातच नाही. कुसुमताई म्हणाल्या, आबासाहेबांचं आटोपलं की जा. कधी आटोपेल, ते सांगेनात.

शनिवार
भुरका. मग शांत. मग भुरका — वर्षालीला फोन केला, उद्या मला जमत नाही, तूही इकडे येऊ नकोस म्हणालो. कारण सांगता येईना. वाढदिवस विसरलात, म्हणाली. फोन ठेवला तिनं. फार भीती वाटतेय.

रविवार, दुपार
वर्षाली आलीय. पोरीला घेऊन. खालून आवाज येतो — कुसुमताई जेवायचा आग्रह करतायत. आबासाहेबांना पंगतीला माणसं लागायची म्हणे, त्याशिवाय त्यांचं आटोपायचं नाही —
मंजुळाबाई धावत वर आल्यात. सांगतायत, थोरल्यांच्या आधी पंगतीतून कुणी उठत नाही — या घरात उठताच येत नाही. पहिला घास घेतला की —
जिना उतरलो. परत दार. ओरडतोय, खाली पोचत नाही. फोन ती उचलत नाही —
वही मंजुळाबाईंच्या हाती देतोय. वर्षाली, वाच आणि ऊठ. घास घेऊ नकोस. पोरीला तर —
पोर हसतेय खाली. ताई तिला वरणभात भरव