बाहेर बसलेली समिती

उस्ताद, तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून जळालेल्या मोटारीच भरतोय, तांब्याची तार गुंडाळून. फरक एवढाच, की आता मला जिल्ह्याच्या कौशल्य विकास समितीवर घेतलंय, कारखानदारांच्या बाजूने. मी कसला कारखानदार, एमआयडीसीत एक शेड आहे. सरकारी प्रशिक्षणाचे वर्ग नीट चालतात का, तिथे शिकलेल्यांना काम लागतं का, हे आम्ही बघायचं. कलेक्टर ऑफिसात बैठक असते, चहा येतो. मला मात्र एकाच गोष्टीचं कुतूहल वाटत राहतं. एखाद्याला काम येतं, हे तिसऱ्या माणसाला कळतं कसं? इथे अंगठ्याने हजेरी लागते, फोटो काढतात, शेवटी परीक्षा घेतात. तुमच्या दुकानात मी शिकलो, तिथे यातलं काही नव्हतं. एका शुक्रवारी तुम्ही टोपी चढवली, "नमाजाला जाऊन येतो, गिऱ्हाईक आलं तर बघ," म्हणालात आणि निघालात. त्याआधी दुकान कधी माझ्यावर सोडलं नव्हतं. परत आल्यावर काय झालं तेही विचारलं नाहीत. ती परीक्षा होती, हे मला फार उशिरा कळलं.

दसऱ्याआधी आम्ही पाथर्डीचा वर्ग तपासायला गेलो. तिथे मोटारी भरायला शिकवतात. ऊसतोडीला घरंच्या घरं निघून जातात, मग वर्ग रिकामा पडतो. म्हणून तो नगरला हलवावा, असं बैठकीत चाललं होतं. त्या वर्गात एक मुलगी आहे. वर्ग इथेच राहिला तर ती आजीपाशी थांबणार, हलला तर आईबापाबरोबर ऊस तोडायला जाणार. हे तिनेच सांगितलं, एसटीची वेळ सांगावी तसं. अधिकारी मॅडम प्रश्न विचारू लागल्या तशी सगळी मुलं फरशीकडे बघायला लागली. तेवढ्यात एक म्हातारबाबा पाण्याची मोटार घेऊन दारात आले. मी म्हणालो, ही मोटार मुलांनाच बघू दे, आपण सगळेच बाहेर बसू, शिक्षकांनाही घेऊ. मॅडम हसल्या, तपासायला येऊन बाहेर बसायचं का, म्हणाल्या, पण बसल्या. उस्ताद, बाहेर बसणं किती अवघड असतं! चहा हातात गार होतोय आणि माझे कान आत. पान्याचा आवाज येतो, मग बराच वेळ काहीच नाही. मी दोनदा खिडकीतून डोकावलो.

"बाबा, जळाली न्हाई ही. बेरिंग धरलंय, म्हनून फिरंना," त्याच मुलीचा आवाज.

"आगं, तिकडचा मिस्त्री तर जळाली म्हनला."

"त्याला भरायची असंल."

बाबा मोठ्याने हसले. मॅडमही हसल्या. मी आत जाऊन मोटार बघितली. गुंडाळी शाबूत होती.

पुढच्या बैठकीत मी हे जसंच्या तसं सांगितलं. वर्ग यंदापुरता पाथर्डीतच राहिला आणि मुलगी आजीपाशी. बैठक उठता उठता कलेक्टर साहेबांनी विचारलं, पण शिकल्यावर हिला काम कोण देणार? मी दोन-चार मोठे कारखाने सुचवले, चिठ्ठी देतो म्हणालो. घरी येताना रेल्वे फाटकापाशी गाडी थांबली तेव्हा ध्यानात आलं, की माझ्याच शेडमध्ये उन्हाळ्यापासून एक माणूस कमी आहे. कामाला मुलगी कधी ठेवली नाही, म्हणून ती जागा मला दिसलीच नव्हती. की दिसली होती? हे मला नक्की सांगता येत नाही.

हा कागद पाठवायला पत्ता नाही, म्हणून तर लिहिता आला. रोज सकाळी देवापुढे बसतो, पण हे अजून त्याच्या कानावर घातलेलं नाही. एकदा त्याला सांगितलं, की मग उठून पाथर्डीला जाऊन त्या मुलीला कामाला ये म्हणावं लागेल.